थाळीचा फोटो

ब्रह्मपुरीच्या त्या खानावळवाल्या भाऊंनी भिंतीवर लावायला थाळीचा फोटो काढायला सांगितला आणि माझी अख्खी दुपार खाल्ली. मी कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोकं घातलं, की हे पुढे येऊन वांग्याची भाजी बोटभर सरकवणार. "रोज वाढतो तशीच दिसली पाह्यजे. हो का नाई?" मी बाहेर आलो की हसणार, आत गेलो की पुन्हा सरकवणार. फोटोच्या दोन काचा वाया गेल्या. तोवर भात बसला तो बसलाच. शेवटी माझं डोकं फिरलं. ते चुलीकडे वळताच मी भाताखाली एक वाटी पालथी घातली. भात डोंगरासारखा उभा राहिला. फोटो झाल्यावर वाटी गुपचूप काढून ठेवली.

महिन्याभराने तिथे जेवायला गेलो. भिंतीवर फोटो होता आणि समोर आलेल्या थाळीत भाताचा तसाच डोंगर.

"भाऊ, एवढा भात काऊन?"

"फोटोत दिसते तेवढा सगळ्यायले द्या लागते ना! हो का नाई?"

मी भातात तळापर्यंत बोटं घातली. खाली वाटी नव्हती.