नियर मिस हाय का कोनाचा?

टेबलावर बोटं आपटून काका विचारायचे, "हं, नियर मिस हाय का कोनाचा?" त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. त्यामुळे आवाज तुटका यायचा. टक, टक, टक, आणि पुढे आणखी काही यायला हवं होतं असं वाटत राहायचं.

समोर पंधरा-वीस पोरंपोरी. कोणी पंख्याकडे बघतंय, कोणी मोबाईलकडे. उत्तर नाही.

एकच प्रश्न विचारून विचारून वैताग आणणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. माझ्या वाट्याला हे काका आले.

मी तेव्हा एका छोट्या संस्थेत नुकतीच लागले होते. वस्तीतल्या तरुणांशी एचआयव्ही कसा टाळायचा यावर गप्पा घडवून आणायच्या, हे माझं काम. शाळेत मला कोणी प्रश्न विचारू नये म्हणून मागच्या बाकावर बसणारी मी, आता गप्पा घडवणार होते. रिसालीतल्या बुद्धविहाराच्या मागची खोली रविवारी वंदनेनंतर आम्हाला मिळाली. किल्ली काकांकडे होती. कुलूप उघडून ते जातील असं मला वाटलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"आधी बाहेर निघाचा रस्ता दाखवा सगळ्याईले," ते मला म्हणाले. "मंग बोला."

ही कारखान्याची सवय. ते हथखोजच्या एका कारखान्यात क्रेन चालवायचे. तिथे पाळी सुरू होण्याआधी सगळ्यांना उभं करून विचारत, काल काही होता होता वाचलं का? वरून पाना पडला पण डोक्यात बसला नाही, पाय घसरला पण माणूस सावरला, अशा गोष्टीला ते नियर मिस म्हणत. सांगणाऱ्याला शिक्षा नाही, हा नियम. काकांनी हाच नियम आमच्या खोलीत आणला.

त्यांच्या बोटांची गोष्ट त्यांनी पहिल्याच रविवारी सांगितली. आदल्या पाळीतल्या माणसानं क्रेनचा वायरचा दोर सरकताना पाहिला होता. "त्याले वाटलं, सांगतलं तर साहेब चिल्लाईन. चूप रायला. माह्या पाळीत दोर सुटला." हात त्यांनी दुसऱ्याच कोणाचा असावा तसा समोर धरला. "हे लोखंडानं नाही नेलं, बापा. चूप राहण्यानं नेलं."

मागून एक मुलगा म्हणाला, "मतलब आम्ही नाही बोललो तर बाकीची तीन पण जातील का, काका?"

सगळे हसले. काकाही हसले. मग त्यांनी टेबल वाजवून प्रश्न विचारला आणि खोली पुन्हा गप्प झाली.

त्या मुलाला आपण सूरज म्हणू. आयटीआय करून तो ठेकेदाराकडे वेल्डिंगला होता. दर रविवारी यायचा, समोसे वाटायचा, खुर्च्या रचायचा आणि कुठलाही गंभीर विषय एका विनोदात उडवून द्यायचा.

कोणी विरोध केला असता तर मला बरं वाटलं असतं. निदान कोणी काही बोललं असतं. आया रस्त्यात भेटल्या की म्हणायच्या, "चांगलं काम करून राहिली हो पोरगी." पोरं यायची, बसायची, खायची, जायची. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसायची.

मग मी बुटांच्या खोक्याला फट पाडली. नाव न लिहिता प्रश्न टाका, आम्ही उत्तर देऊ. काकांनी खोकं उलटसुलट पाहिलं, झाकण काढलं आणि त्यात समोसे ठेवले.

"काका, ते प्रश्नांसाठी आहे."

"डॉक्टरपुढं खोकं घेऊन जातीन का हे? तोंडानं बोलले पायजे."

"पण ते बोलत नाहीत ना!"

"बोलतीन."

मला इतका राग आला की मी त्या दिवशी समोसाही खाल्ला नाही. आजही मला वाटतं की खोक्याबद्दल ते चुकले.

पुढच्या रविवारी त्यांनी औषधाचं दुकान मांडलं. टेबल म्हणजे काउंटर, ते स्वतः दुकानदार. एकेकानं यायचं आणि कंडोम मागायचा. पहिला आला, कानापर्यंत लाल.

"काय पायजे?"

"क्रोसिन."

"कावून? डोकं दुखते का?"

दुसऱ्यानं खोकल्याच्या गोळ्या मागितल्या. सूरजनं दुकानदारालाच विचारलं, "आप ही बता दो, नया क्या आया है?" हसून हसून पोरं वाकली. एका मुलीनं ओढणी तोंडात धरली. मग काका माझ्याकडे वळले.

"या, मॅडम. तुमी मांगा."

मी उभी राहिले आणि म्हणाले, "वन पॅकेट, प्लीज."

"हे विमानात चालते. इथं मराठीत मांगा."

मला जमलं नाही. इंग्रजीत मी या विषयावर तासभर बोलू शकले असते. आमच्याकडे शाळा-बाजार सगळं हिंदीत; मराठी मी फक्त घरी बोलते, आणि घरी हे शब्दच कधी आले नाहीत. मी खाली बसले. काकांनी पुढच्याला हाक मारली, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

त्यानंतर काही रविवारांनी, सगळे गेल्यावर, सूरज खुर्च्या रचता रचता थांबला.

"काका, एक दोस्त का नियर मिस है."

काकांनी किल्ली खिशात ठेवली. "बोल."

दोस्त कोणाकडे तरी गेला होता. कंडोम नव्हता. आता झोप लागत नाही.

"किती दिस झाले?"

"शुक्रवार को दो हफ्ते हो गए."

मी डोळे मिटले. अशा वेळी घ्यायचं औषध असतं, पण ते तीन दिवसांच्या आत सुरू करावं लागतं. हिशेब कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. त्या तीन दिवसांत एक रविवार येऊन गेला होता. सूरज याच खोलीत बसला होता. काकांनी टेबल वाजवून विचारलं होतं, आणि त्यानं समोसे वाटले होते.

"तेव्हाच कावून नाही बोलला, बेटा?"

"सबके सामने मुँह से कैसे बोलता, काका?"

काकांनी त्या खोक्याकडे पाहिलं. तळाला तेलाचा मोठा डाग पडला होता. त्यांनी तो बोटानं घासून पाहिला. मग म्हणाले, "चाल. उद्या दोस्ताले घेऊन दवाखान्यात जाऊ. तू बी चाल संगं."

दवाखान्यात ते दोघेच गेले. दोस्त आला नाही हे काकांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पहिला रिपोर्ट साफ होता, पण इतक्या लवकर खात्री देता येत नाही, पुन्हा तपासावं लागेल, असं सांगण्यात आलं.

पुढच्या रविवारी टेबलावर नवं खोकं होतं. फट काकांनी स्वतः ब्लेडनं कापली होती, वाकडीतिकडी. समोसे कागदावर होते. बैठक संपल्यावर आम्ही खोकं उघडलं. आत च्युइंगमचा एक कागद निघाला. काकांनी तो उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून.

"चिठ्ठी येईन," ते म्हणाले. "अजून हातालेच सवय नाही त्याईच्या."

सूरजचा दुसरा रिपोर्ट यायच्या आधीच काका गेले. हृदयविकाराचा झटका. दवाखान्यात नेईपर्यंतही थांबले नाहीत. छातीत सकाळपासून दुखत होतं, पण घरात कोणाला सांगितलं नव्हतं, असं त्यांची सून रडत म्हणाली. मला रडू आलं नाही. मला त्यांना गदागदा हलवून विचारायचं होतं, तुम्ही कावून चूप राहिले?

त्यानंतरच्या रविवारी किल्ली माझ्याकडे आली. सात-आठ जण जमले होते. मी दार उघडलं, बाहेर निघायचा रस्ता दाखवला आणि टेबलावरचं खोकं उगाच सरळ करत राहिले. काकांची खुर्ची कोणी ओढली नव्हती.

सूरज उठून टेबलापाशी आला.

"एक नियर मिस आहे," तो म्हणाला. "दोस्त का..." तो थांबला. "दोस्ताचा नाही. माझा."

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. त्यानं सगळं सांगितलं. परवा दुसरा रिपोर्ट आला, साफ आहे, हेही सांगितलं. मग त्याचं बोलणं संपलं, आणि पोरं पुन्हा पंख्याकडे बघायला लागली. मला किंचाळावंसं वाटलं.

तेवढ्यात ओढणीवाली मुलगी खाली बघत म्हणाली, "किती दिवसांत सांगा लागते?"

"तीन दिवसांच्या आत," मी म्हणाले. मराठीतच. "जेवढं लवकर, तेवढं चांगलं."

सूरजनं टेबलावर बोटं आपटली. त्याच्या हाताला पाचही आहेत. त्यानं तीनच वापरली.

"और किसी का? हाय का कोनाचा?"