एका पत्त्यावरून दोघेच

नगरमध्ये सायबर कॅफे नुकते कुठे दिसायला लागले होते, त्या सुमाराचा एक शुक्रवार. आई सकाळच्या एसटीने शेवगावहून आली होती... मिलिंददादाशी बोलायला.

दादा दुबईत वेल्डर होता. गावाकडचा एकजण सुट्टीवर आला आणि सांगून गेला, मिलिंदच्या हाताला लागलंय. किती, कसं, काही कळेना. त्याच्या कॅम्पवर फोन नव्हता. शुक्रवारी दुपारी मित्राच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून चॅटवर येतो, एवढाच निरोप.

मी तेव्हा नगरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते. कॅफेत बसले, चॅटचा प्रोग्राम उघडला... आणि सर्व्हर आत घेईना. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"सर्व्हर डाऊन हाय ताई, उद्या या," कॅफेचे मालक म्हणाले.

पण शेजारच्या दोन कॉम्प्युटरवर त्याच सर्व्हरवर चॅट चालू होतं. मग आम्हालाच का नाही? उद्या दादा भेटणार नव्हता. कारण कळल्याशिवाय उठायचं नाही, असं मी ठरवलं.

सर्व्हरलाच विचारता येतं, हे क्लासमध्ये कळलं होतं. आत्ता किती लोक जोडलेत, कुठून किती जणांना परवानगी आहे... एका ओळीत विचारायचं. फक्त ते आत असलेल्यालाच विचारता येतं.

चॅट करणाऱ्या त्या दोघांपैकी एक मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह होते, पायाशी औषधांची बॅग. "सर, तुमच्या कॉम्प्युटरवर मला जरा टाइप करू द्याल?" ते कचरले. मग खुर्ची मागे घेतली.

भराभर आकडे आले. सर्व्हरवर जागा भरपूर होती. खाली परवानगीचे नियम... एका पत्त्यावरून एका वेळी दोघेच. कॅफेतली सगळी मशीन एकाच फोनलाइनवर, म्हणजे सर्व्हरच्या लेखी आमचा सगळ्यांचा पत्ता एक. शेजारचे दोघे आधीच आत होते. मी तिसरी.

आईला समजावून सांगितलं. ती सरळ त्या रिप्रेझेंटेटिव्हकडे वळली.

"साहेब, माझं पोरगं तिकडं वाट बघतंय. त्याला लागलंय. लई येळ न्हाई घेनार आमी."

त्यांनी आईकडे पाहिलं. घाईघाईने काहीतरी टाइप केलं, चॅट बंद केलं आणि उठले. "बसा मावशी."

या वेळी सर्व्हरने आत घेतलं. दादा होता. मी रोमन अक्षरांत लिहिलं, "जयभीम दादा. आई आलीय."

बराच वेळ काही नाही... मग, "जयभीम. रडतेय का ती?"

"न्हाई म्हनावं," आई म्हणाली. "हात हाय का, त्ये इचार."

"हात आहे. दोन बोटं गेली. डाव्या हाताने लिहितोय, म्हणून उशीर होतोय."

मी वाचून दाखवलं. आईने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "जीव हाय न्हवं. घरी ये म्हनावं. हितं बघू काय करायचं त्ये."

दादा पुढच्याच महिन्यात आला. आता शेवगावात त्याचं स्वतःचं ग्रिलचं वर्कशॉप आहे.

त्या दिवशी आम्ही कॅफेतून बाहेर आलो तेव्हा ते रिप्रेझेंटेटिव्ह निघून गेले होते. नाव विचारायचं राहिलंच. आमच्यासाठी त्यांनी कुणाशी चाललेलं बोलणं अर्ध्यावर सोडलं, तेही मला ठाऊक नाही... त्या माणसाने त्यांना समजून घेतलं असेल, एवढीच आशा आहे.