पायरीपेक्षा पाटी बरी

ती पाटी कोर्टात मोठ्याने वाचून दाखवायची वेळ माझ्यावरच आली. मजकूरही माझाच होता. ‘पायरी मोडकी आहे. पडल्यास मालक जबाबदार नाही. देवाने डोळे दिले आहेत, वापरावेत.’ खाली तारीख, अपघाताच्या आठ महिने आधीची.

मार्केट यार्डात कांदे-बटाट्याचा गाळा असलेले नाना माझे जुने क्लायंट. त्यांनी विचारलं होतं, “वकीलसाहेब, पायरी दुरुस्त करून घेऊ का? एक दिवस गाळा बंद ठेवावा लागेल.”

“कशाला? पाटी लावा. कोणी पडलंच, तर आपण सेफ.”

दुरुस्ती करा म्हणालो असतो, तर काम गवंड्याला मिळालं असतं, मला नाही. हा विचार तेव्हा मनात नव्हता, असं मी शपथेवर सांगणार नाही.

मग येरवड्यात मेस चालवणाऱ्या मेश्रामताई बटाटे घ्यायला आल्या आणि पडल्या. उजवं मनगट मोडलं, मेस दोन महिने बंद. त्यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. दावा दोन वर्षं चालला. पायरी तशीच.

उलटतपासणीत, म्हणजे समोरच्या साक्षीदाराला अडचणीत आणायच्या कार्यक्रमात, मी विचारलं, “ताई, एवढी मोठी पाटी वाचली नाहीत?”

“वाचतच होते ना. म्हणून तर खाली बघितलं नाही.”

जजसाहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे वकीलसाहेब, पायरी मोडकी आहे हे तुमच्या अशिलाला आठ महिने ठाऊक होतं?”

निष्काळजीपणा म्हणजे साधारण हेच. धोका ठाऊक आहे, थोड्या खर्चात टाळता येतो, तरी टाळला नाही. मी तो लेखी दिला होता, तारखेसकट.

“दुरुस्तीला खर्च किती होता?”

“सिमेंटची एक गोणी, साहेब,” मागून नाना म्हणाले. “पाटीला जास्त लागले. रेडियमची आहे.”

बाहेर येऊन तडजोड केली. ताईंना उपचाराचे आणि बुडालेल्या दोन महिन्यांचे पैसे मिळाले. नानांनी त्याच संध्याकाळी पायरी बांधली. फीचा विषय मी काढला नाही.

सह्या करायला ताई माझ्या ऑफिसात आल्या. जाताना दारात थांबल्या.

“तुमच्या जिन्याची तिसरी पायरी हलते हो, वकीलसाहेब.”

“हो, जरा जुनी आहे...”

“मी आपलं सांगितलं. आता तुम्हाला ठाऊक आहे.”

इतकी आटोपशीर नोटीस मला आजवर लिहिता आलेली नाही. गवंडी चार वाजता आला.