आक्कांचा चौकीदार

आमच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं, तर आधी आक्कांसमोर कपाळ पुढे करावं लागे. मूळच्या साताऱ्याच्या आणि लखनौच्या संशोधन संस्थेत उभी हयात घालवलेल्या आक्का उलटा हात कपाळावर ठेवत. गरम लागलं की खूश होत. म्हणत, "चौकीदार जागा आहे म्हणायचा. जा, घरी जाऊन झोप."

चौकीदार म्हणजे आपल्या शरीरातली पहारेकरी पेशी. ती विषाणू कसा ओळखते, हाच आक्कांचा जन्मभराचा ध्यास. "तिला विषाणूचं नाव-गाव कळत नाही गं. त्याचं सामान चाचपते, आणि हे आपल्या घरचं नाही एवढं तिला कळतं. मग शिट्टी मारते. सगळी कॉलनी काठ्या घेऊन बाहेर. चोर पळतो, पण चार कुंड्याही फुटतात. तीच सूज, तोच ताप."

त्यामुळे आक्कांकडे तापाची गोळी मागायला गेलं, की मऊ भात मिळायचा आणि वर बोलणी. "लढू दे की जरा! एवढी कसली घाई?" त्यांचा मुलगा मोनू लखनौतच वाढलेला, मराठी समजे पण बोले हिंदी. आईचं हे वाक्य मात्र त्याने गाठीला बांधलं होतं. आम्हीही.

एका थंडीत विषाणूने आक्कांनाच गाठलं. विषाणू हटला, तरी फुप्फुसांची सूज वाढतच गेली. डॉक्टर म्हणाले, आता सूज दाबणारं औषध द्यायलाच हवं, नाहीतर काही खरं नाही. मोनू अडून बसला. "मम्मी ने ज़िंदगी भर कहा, लड़ने दो. अब हम ही दबा दें?" जीव त्याच्याच आईचा, आणि हा तिचंच वाक्य घेऊन बसलेला! मला राग आला, पण आक्कांचा शब्द मोडायची छाती माझीही नव्हती.

आक्कांनी तोंडावरचा मास्क बाजूला सारला. "अरे वेड्या, चोर कधीच पळाला. आता कॉलनीच घर फोडायला उठलीये. झोपव त्या चौकीदाराला."

मोनूने सही केली. आक्का वाचल्या. पण लखनौचं धुकं काही त्यांच्या छातीला सोसेना, म्हणून साताऱ्याला परतायचं ठरलं.

चारबाग स्टेशनवर मी पाया पडले. गाडीच्या दारातून वाकून त्यांनी उलटा हात माझ्या कपाळावर ठेवला. "ताप तर नाही तुला. मग रडतेस कशाला?"

आता विद्यार्थ्यांच्या कपाळावर मी हात ठेवते. माझ्या कपाळावर मात्र पुन्हा कुणी ठेवला नाही.