शिक्षा तिला, परीक्षा मला

माझ्या भावाचा पहिला मुलगा दहा महिन्यांचा असताना त्याच्या अंगावर देवी उठल्या. आमच्या घरात हा शब्द उच्चारायला बंदी होती. बाबा ‘फोड्या’ म्हणत. आम्ही गिरगावातले ख्रिस्ती, बाबा मंडळीच्या पंचांपैकी एक, आणि त्यांचा शब्द घरात आणि चर्चमध्ये सारखाच चाले.

वहिनी माहीमच्या कोळीवाड्यातली. मिशनच्या शाळेत शिकली, बाप्तिस्मा घेतला आणि दादाशी लग्न करून आमच्याकडे आली. तिची आई मात्र आपल्या जुन्या धर्मातच राहिली. नातू आजारी पडल्याचं कळताच ती माशांची पाटी घेऊन मागच्या दारी आली. थोड्या वेळाने वहिनी मला जिन्यात भेटली. पदराखाली नारळ होता.

“बाळावरून उतरवलाय,” ती म्हणाली. “आईच्या हाती देवळात पाठवते आहे. माझी श्रद्धा प्रभूवरच आहे, वन्सं. पण ह्याचा ताप उतरत नाही. बाबांना सांगू नका.”

“नाही सांगणार,” मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी बाळ गेलं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मुलींच्या शाळेत शिकवत होते. मंडळीत बायकांचा रविवारचा वर्ग सुरू व्हायचा होता. तो चालवायला मला मिळेल अशी माझी खात्री होती. पण वहिनीचा आवाज गोड, बायका तिच्याजवळ मन मोकळं करत, म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांनी तिचं नाव सुचवलं. बाळाला पुरून महिनाही झाला नव्हता. बाबांनी जेवताना ही बातमी सांगितली. त्याच दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले आणि नारळाचं सांगून टाकलं. सांगताना रडलेसुद्धा. वहिनीच्या आत्म्याची काळजी वाटते, असं म्हटलं.

बाबा चिडले नाहीत. त्यांनी वहिनीला बोलावलं आणि शांतपणे म्हणाले, “आता कळलं ना, मूल का गेलं ते? स्वर्गातला बाप आपल्याच लेकरांना शिक्षा करतो. परक्यांना नाही. आता मुकाट्याने पश्चात्ताप कर.”

दादा खाली मान घालून उभा होता.

पुढच्या रविवारी वहिनीला सगळ्या मंडळीसमोर उभं केलं. काय म्हणायचं ते बाबांनी लिहून दिलं होतं. ‘माझ्या मूर्तिपूजेमुळे देवाने माझं मूल नेलं,’ हे वाक्य तिला नीट म्हणता येईना. बाबांनी ते तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. सहा महिने प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसाला बसायचं नाही, असं ठरलं. वर्ग मला मिळाला. पहिल्याच रविवारी मी पश्चात्तापावर बोलले, आणि छान बोलले असं सगळ्याजणी म्हणाल्या.

गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, मुंबईत आला तो त्यानंतरच्या वर्षी. घरं ओस पडली, लोक गावी पळाले. एका सकाळी माझ्या काखेत गाठ आली. सरकारी तपासणीवाल्यांनी मला चटयांच्या झोपड्यांच्या इस्पितळात नेलं. सोबत घरातलं एक माणूस राहू शकत होतं. आई थकलेली. वहिनी आली.

ती मला पाणी पाजायची, घाण काढायची, कपडे बदलायची. बोलायची नाही. आजूबाजूला माणसं मरत होती. मला पक्कं वाटू लागलं की बाबा म्हणत ती शिक्षा हीच, आणि ती माझ्यासाठी आहे. दहाव्या दिवशी गाठ फुटली, ताप उतरला. उठून बसता येताच मी तिला म्हटलं, “वहिनी, बाबांना मी सांगितलं होतं.”

“ठाऊक आहे. नारळ तुमच्याशिवाय कुणी पाहिला नव्हता.”

“मग माझं एवढं का केलंत?”

“सासूबाईंना झेपलं नसतं.”

मी हात जोडले. क्षमा करा म्हटलं. ती ओलं फडकं पिळत होती. “मी जिथं उभी राहिले तिथं उभ्या राहा,” ती म्हणाली, “आणि का सांगितलंत तेही सांगा.”

घरी आल्यावर बाबांनी माझ्यासाठी आभाराची प्रार्थना केली. देवाने माझी परीक्षा पाहिली आणि मी तिला उतरले, असं ते म्हणाले. माझ्या आजाराला त्यांनी एकदाही शिक्षा म्हटलं नाही. वहिनी तेव्हा पाटापुढे ताट मांडत होती.

रविवारी मी उभी राहिले. वचन मोडलं, वर्गाच्या लोभाने चुगली केली, देवाचं नाव पुढे केलं, हे सगळं सांगितलं. बाळ तिच्या नारळाने गेलं नाही, असंही म्हणायला तोंड उघडलं, तोच पाळकसाहेबांनी हात वर केला.

“पाप उघड करणं हे पाप नव्हे, मुली. तू आजारातून उठली आहेस. बैस.”

बाबांनी मान डोलावली. उपासना संपल्यावर बायकांनी मला घेरलं. किती नम्र पोर, म्हणाल्या. वहिनी एकटी घरी निघून गेली होती.

मी वर्ग सोडला. बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. वर्ग वहिनीला द्यावा असं मी पाळकसाहेबांना सांगितलं, तर तिने निरोप पाठवला की टाकलेलं ती घेत नाही. वर्षभरात दादा तिला घेऊन परळला राहायला गेला.

दर शनिवारी शाळा सुटली की मी तिकडे जाई. ती पाट द्यायची, पुढ्यात विळी आणि मासळी ठेवायची. मी मासळी साफ करून निघायचे. नंतर तिला मुलगी झाली. मी उचलून घ्यायला हात पुढे केले, तेव्हा ती म्हणाली, “हाताला वास आहे तुमच्या.” मी हात धुऊन आले. तोवर तिने मुलीला पाळण्यात निजवलं होतं. दोरी मात्र तिने माझ्याकडे दिली नाही.

असं सहा वर्षं चाललं. मग ती बाळंतपणात गेली. मला निरोप आला तो मातीच्या दिवशी.