एक नंबरचं पोर्ट

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात इंटरनेटच्या केबली ज्येष्ठता यादीप्रमाणे लावत. चेष्टा नाही. ऑफिसातल्या काचेच्या पेटीत सोळा पोर्टांचा स्विच होता. कुठल्याही पोर्टात केबल लावा, नेट सारखंच येतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आमच्या प्राचार्यांनी स्वतःला एक नंबर घेतला, उपप्राचार्यांना दोन, अधीक्षकांना तीन, आणि असं उतरत आठव्यावर ग्रंथपाल. नववं रिकामं. दहावं माझं, म्हणजे संगणक सांभाळणाऱ्या कारकुनाचं.

एका ऑक्टोबरात वीज कडाडली आणि प्राचार्यांचं नेट गेलं. बघतो तर एक नंबरचा दिवा बंद, पोर्ट जळालेलं. मी त्यांची केबल नवव्यात लावली. दिवा लगेच लुकलुकला.

"कितव्याला लावलं?" त्यांनी विचारलं. खुर्चीच्या पाठीवर सत्काराचा टॉवेल, टॉवेलावर मान टेकलेली.

"नवव्याला, सर."

"म्हणजे ग्रंथपालाच्या खाली? एकला लावा. नसेल चालत तर कंपनीचा माणूस बोलवा."

मी केबल परत एकात लावली; दिवा बंदच. कंपनीचा माणूस उद्या येणार होता. परीक्षा फॉर्म मंजूर करायची मुदत आज पाचला संपणार होती आणि मंजुरी फक्त प्राचार्यांच्या संगणकावरून होत होती. बाहेर बाकावर वळसंग गावची एक मुलगी बसली होती. तिच्या फॉर्ममधली चूक दुपारीच दुरुस्त झाली होती.

"सर, आज जातंय की माजा फॉर्म?" तिने मला विचारलं. "न्हाईतर वर्ष जातंय माजं. वर्ष गेलं की घरचे परत पाटवत न्हाईत."

मी आत जाऊन हे सांगितलं. "नियम म्हणजे नियम," साहेब म्हणाले. कसला नियम? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. मला त्या माणसाची किळस आली.

शेवटी मी दोन चिठ्ठ्या कापल्या. नवव्या पोर्टावर '१' चिकटवला, जळक्यावर '९', आणि केबल पुन्हा नवव्यात घातली. साहेब स्वतः उठून आले, चष्मा सावरून वाकले, एकचा आकडा वाचला.

"बघा. मनावर घेतलं की होतं."

पावणेपाचला फॉर्म मंजूर झाला. मुलगी त्यांच्या पाया पडली. "सर, तुमच्यामुळं वाचलं वर्ष." त्यांनी आशीर्वादही दिला, निर्लज्जाने.

ते निवृत्त झाले. आता मी अधीक्षक आहे. गेल्या महिन्यात नवा स्विच बसवला. बसवणाऱ्याने जी हाताला लागेल ती केबल कुठेही खोचली. तो गेल्यावर मी पेटी उघडून पाहिली. माझी केबल चौदाव्यात होती. तिसऱ्यात ग्रंथालयाची.

माझं नेट उत्तम चालू होतं. तरी मी दोन्ही केबली उपसल्या आणि अदलाबदल करायला घेतली. तेवढ्यात एक मुलगी ग्रंथालयातून धावत आली. "सर, नेट गेलं की हो! फॉर्म भरत होते मी, आज शेवटची तारीख हाय."

ग्रंथालयाची केबल माझ्या हातातच होती. ती मी पाठीमागे धरली.

"कंपनीचा माणूस बोलावलाय," मी म्हणालो.