हँग झालेला तलाव

जगातल्या कुठल्याही माणसावर, यंत्रावर किंवा भाजीवाल्याच्या काट्यावर पुरता विश्वास न टाकता सत्तरी गाठलेला माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. भिलाईत वैशाली नगरात त्यांचं घर आहे. बेल वाजवली की आतून "कोन?" असा प्रश्न येतो. आपण नाव सांगतो. मग "कावून?", म्हणजे कशाला आलात, या दुसऱ्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर दिल्याशिवाय कडी निघत नाही. टीव्हीवर आज पाऊस येणार म्हटलं की ते छत्री घेऊन निघतात, आणि येणार नाही म्हटलं तरी छत्री घेऊनच निघतात, कारण सांगणाऱ्याचा भरवसा काय. सकाळी ते आधी दुधाचा वास घेतात आणि मग दूधवाल्याच्या चेहऱ्याकडे बघतात. एका लग्नात वाढपी आग्रहाने दुसरी जिलेबी घालायला आला, तर त्याचा हात धरून त्यांनी विचारलं, "पयलीत काय कमी होतं म्हून दुसरी देऊन राहिला?"

यात माझी अडचण अशी की मी जन्मजात अपराधी चेहऱ्याचा माणूस आहे. रसमड्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. तिथे एखादा बोल्ट कमी भरला, तर तो मी घेतलेला नाही हे पक्कं ठाऊक असूनही माझे कान तापतात. संशयी माणूस आणि मी समोरासमोर आलो की त्याचं काम फार सोपं होतं. एकदा मामाजींचा चष्मा सापडेना. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणून थांबवली. मला कुणी काही विचारलं नव्हतं, पण मी पँटचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. चष्मा त्यांच्याच बनियनच्या गळ्यात अडकवलेला निघाला. "सॉरी मामाजी," मी म्हणालो. कशाबद्दल, ते मला आजवर सांगता आलेलं नाही.

त्यांच्या संशयाला खरं कुरण मिळालं ते कॉम्प्युटर आल्यावर. त्यांच्या मुलाने हैदराबादला जाताना आपला जुना कॉम्प्युटर बैठकीत मांडून ठेवला. मामाजींची सगळी नोकरी स्टील प्लांटमध्ये, रोलिंग मिलच्या कंट्रोल रूममध्ये पडद्याकडे बघण्यात गेली. तिथल्या पडद्यावर सतत काहीतरी हलत असे. लाल पट्ट्या पुढे सरकत, आकडे थरथरत. सगळं स्तब्ध झालं, तर एक तर मिल बंद आहे किंवा पडदा हँग झाला आहे. यातला दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण पडदा खोटं बोलतो आणि आपण ते खरं मानून बसतो. त्यामुळे कॉम्प्युटरवरची हिरवी टेकडी आणि निळं आकाश पाहून त्यांनी मला दुर्गच्या पद्मनाभपुरातल्या माझ्या घरून बोलावून घेतलं.

"जवाई, हे हँग हाय."

"नाही मामाजी, ते नुसतं चित्र आहे. शोभेसाठी."

"गवत हालून नाई राहिलं."

टेकडीवरचं गवत हलवणं माझ्या हाती नव्हतं, पण ते हलत नाही यात माझी काहीतरी चूक असावी असं मला वाटू लागलं. मग मी त्यांना हलणारी चित्रं लावून द्यायला लागलो. आधी धबधबा लावला. मामाजी त्याच्यापुढे सकाळभर बसले आणि संध्याकाळी त्यांनी फोन केला. म्हणाले, एक पिवळं पान वरून खाली येते, अन् थोड्या वेळानं तेच पान पुन्हा वरून खाली येते. "जुनी रेकार्डिंग दाखवून राहिले. रेकार्डिंग कवा दाखवतेत, जवा खरं काही लपवाचं असते तवा." मी धबधबा काढून मासे लावले. मासे झकास पोहत होते, पण त्यांना चारा कोण घालतं याचं उत्तर मला देता आलं नाही. मग मालगाडी लावली. ती रिकामी जायची आणि रिकामीच परत यायची. इतक्या तोट्यात रेल्वे चालत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेवटी समुद्राच्या लाटांवर तडजोड झाली. लाटा त्यांना पटल्या असं नाही, पण एक लाट दुसरीसारखीच दिसते, त्यामुळे पुराव्याअभावी त्यांना सोडून देणं भाग पडलं.

मग त्या लाटांपुढे रीतसर ड्यूटी सुरू झाली. सकाळी चहा घेऊन मामाजी खुर्चीत बसत. अंघोळीला जायची वेळ झाली की मामींना हाक मारत.

"चार्ज घे."

"घेतला," मामी म्हणत आणि निवडायची लाखोळीची डाळ सुपात घेऊन खुर्चीत येऊन बसत.

"सब नॉर्मल हाय."

"हो ना बाप्पा, जा आता."

मी एकदा हसत हसत विचारलं, मामाजी, सगळ्या जगावर संशय आणि मामींवर नाही, असं कसं? ते गंभीरपणे म्हणाले, "ज्याले चार्ज देल्ला त्याच्यावर शक करायचा नसते. नाईतं मानूस ड्यूटीवरून घरी कसा जाईन?" मला वाटतं, त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं प्रेमाचं हे एकमेव वाक्य आहे.

पण मामींवर नसलेला संशय मामींच्या माहेरावर मात्र दुप्पट होता. तुमसरच्या अलीकडे त्यांचं गाव. थोरला भाऊ त्या वर्षी अंथरुणाला खिळला होता आणि हळूहळू माणसं विसरत चालला होता. तो आपल्याला ओळखतो आहे तोवर एकदा भेटून यावं, एवढंच मामींना हवं होतं. मामाजींचं मत असं की हे आजारपण म्हणजे शेताच्या कागदावर बहिणीची सही घेण्याची युक्ती आहे. "रोज संध्याकाळी बरोबर जेवनाच्या टायमाले फोन येते. दुखनं असं टाइम पाहून येते काय?" मामी बोलायच्या, मामाजी "पाहू" म्हणायचे. असं पुष्कळ दिवस चाललं. ते पाहणं काही झालं नाही.

आणि एका सकाळी अंघोळ करून मामाजी खुर्चीत येऊन बसले, तर लाटा गायब. त्या जागी एक तलाव. मोठा, गप्प, काठाला दगडी पायऱ्या, पाण्यात शिंगाड्याची पानं. त्यातलं काहीही हलत नव्हतं. मामाजींनी बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. तलाव तसाच. मला फोन आला. मी कारखान्यातून अर्धी रजा टाकून गेलो आणि लाटा परत लावल्या. दोन दिवसांनी तलाव पुन्हा आला, या वेळी दुसऱ्या काठावरून काढलेला. मग तिसऱ्यांदा, संध्याकाळच्या उन्हातला. आता मामाजींची झोप उडाली. वायफायवाल्याची चौकशी झाली. शेजारच्यांच्या खिडकीचा कोन मोजून झाला. खिडकीवर जाड पडदा आला. आणि मग, मला अपेक्षा होतीच, त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

"जवाई, लाटा कोनं लावल्या होत्या?"

"मी."

"म्हंजे बदलाचं कसं, हे या घरात कोनाले येते?"

मी मामींकडे बघितलं. त्या खाली मान घालून डाळ निवडत होत्या. पंखा चालू असूनही मला घाम फुटला. मामाजी माझ्याकडे बघत राहिले. मला ते सहन होईना.

"मामाजी," मी म्हणालो, "मीच केलं. माझ्या फोनवरून. गंमत म्हणून."

"तीनही डाव?"

"हो."

"मंग हा तलाव कुठचा?"

याचा मी विचार केला नव्हता. "राजस्थान," मी म्हणालो.

"राजस्थानात शिंगाडे?"

तेवढ्यात मामींनी सूप बाजूला ठेवलं. "जवाईबापू, तुमी कावून मधात येऊन राहिले? चुपचाप बसा ना." मग त्या मामाजींकडे वळल्या. "आमच्या गावचा तलाव हाय तो. मी लावला. जवाई करत तवा मी पाह्यत होती. भाची फोटो धाडते फोनवर."

मामाजी पडद्याकडे बघू लागले. सासुरवाडीचा तलाव त्यांना ओळखू आला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटलं.

"सांगाचं होतं मले."

"किती डाव सांगतलं. माह्याकडं कुठं पाह्यता तुमी? त्या डब्याकडं तं पाह्यता. म्हटलं तिथंच दिसू द्या."

मग मामाजींनी चौकशी पूर्ण करावी तशा आवाजात विचारलं, "कोनाच्या चार्जमधी केलं?"

"माह्या."

ज्याला चार्ज दिला त्याच्यावर संशय घ्यायचा नाही, हा नियम त्यांनीच मला शिकवला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ओळखते का तो अजून?"

"काल फोनवर ओळखलं. उद्याचं मी काय सांगू."

मामाजी उठले आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल शोधू लागले. बॅग खाली आल्यावर तिची चेन त्यांनी बराच वेळ उघडून-मिटून पाहिली. चेनवरही त्यांचा विश्वास बसेना.

ते स्वतः गेले नाहीत. घर कोण बघणार? पण दुर्ग स्टेशनपर्यंत आले, तिकीट उजेडात धरून वाचलं, आणि मामींच्या शेजारी बसलेल्या निरुपद्रवी म्हाताऱ्याला विचारलं, "भाईसाब, कहाँ तक जाओगे?" तो गोंदिया म्हणाला, तर "किसलिए?" गाडी हलली तेव्हा मामींनी खिडकीतून हात केला. मामाजींनी केला नाही. ते डब्याचं दार नीट बंद झालं की नाही ते बघत होते.

मामी चार दिवसांसाठी गेल्या होत्या. भाऊ त्यांना ओळखत होता, आणि त्यांच्याच हातून जेवत होता, त्यामुळे आठवडे लोटले तरी त्यांना परत यायला जमेना. मी अधूनमधून वैशाली नगरात जाऊन येत असे. एकदा दुपारी गेलो तर मामाजी पारोसेच खुर्चीत बसलेले. पडद्यावर तलाव होता, तसाच स्तब्ध. मी लाटा लावून देऊ का विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली, आणि माझं मनगट धरून मला पडद्याजवळ ओढलं. चित्र त्यांनी इतकं मोठं केलं होतं की त्याचे चौकोन चौकोन दिसत होते. पलीकडच्या काठावर, पायऱ्यांच्या शेवटी, एक हिरवट ठिपका होता. कुणीतरी बाई पाण्याशी वाकलेली असावी.

"पाहा बरं," ते म्हणाले. "मामी तं नाई?"

"मामाजी, हा फोटो मामी जायच्या आधीचा आहे. भाचीने आधी पाठवला म्हणूनच तर तो इथे लागला."

मामाजी त्या ठिपक्यावरून नजर न काढता म्हणाले, "आधीचा कायचा? हिरवं लुगडं तिचंच हाय. तुमाले कोनं सांगतलं आधीचा म्हून?"